हे काय, आलंच

मी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होतो हे कळलं की लोक दोन प्रश्न विचारतात. भीती वाटायची का? आणि सायरन वाजवत कधी घरची कामं उरकली का? पहिल्याचं उत्तर, हो, रोज वाटायची. दुसऱ्याचं उत्तर, एकदाच, आणि तेही बायकोचा निरोप होता म्हणून. ज्या प्रश्नापायी माझे केस पिकले तो मात्र कोणी विचारत नाही. रफिकभाई, तुम्हाला खरं अंतर कोण सांगायचं?

कोणीच नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात वाटसरूला ‘लांब आहे’ असं म्हणायची रीतच नाही. कोणी घामाघूम होऊन विचारलं, की बाबा, अमुक गाव किती राहिलं, तर बांधावरचा माणूस हात लांब करून सांगणार, ‘हे काय, आलंच.’ मग ते गाव दोन टेकड्यांपलीकडे का असेना. यात फसवण्याचा हेतू नसतो. माझी अम्मी सांगायची, चालणाऱ्या माणसाला दूर म्हटलं की त्याचे पाय गळतात, म्हणून जवळच म्हणावं. लहानपणी मीही कित्येकांना ‘आलंच’ म्हणून वाटेला लावलं असेल. पुढे धामणगाव बढेच्या भागात रुग्णांची गाडी चालवायला लागलो, आणि ते सगळे ‘आलंच’ माझ्याकडे परत आले.

बाहेरच्यांना वाटतं, ड्रायव्हरला किलोमीटर कळले की झालं. किलोमीटर तर रस्त्याकडेच्या दगडावरही लिहिलेले असतात. आम्हाला कळायला हवं ते वेगळंच. गाडी कुठपर्यंत जाते, तिथून पुढे पेशंट उचलायला माणसं किती, आणि नाल्याला पाणी आहे का. म्हणून फोन आला की मी अंतर विचारतच नसे. सकाळची एसटी कुठं वळते ते विचारायचो. लोक चिडायचे. माणूस इथं मरून राह्यला अन् तुमाले एसटीची पडली, असं मी निदान शंभरदा ऐकलं असेल. पण एसटी वळते तिथं माझी गाडीही वळते, एवढं नक्की असायचं.

एकदा मला धाड गावाला पाठवलं होतं. बाजाराचा दिवस. फोनवर सांगितलं होतं, छातीत दुखतंय, घर रस्त्याला लागूनच आहे. त्या गर्दीत तासभर हिंडलो. चहाच्या टपरीवर बसलेल्या एका धोतरवाल्या बाबांना दोनदा पत्ता विचारला, त्यांनी दोन्हीदा मोठ्या आपुलकीनं ‘जवळच हाय’ म्हणून दोन वेगळ्या दिशांना पाठवलं. तिसऱ्यांदा मी पेशंटचं नाव घेतलं तेव्हा म्हणाले, तो मीच. दुखणं जरा कमी वाटलं म्हणून चहा घेत होते. तपासल्यावर खरंच दुखणं निघालं, आणि बाबा नीट झाले, म्हणून आज हसू येतं.

प्रत्येक वेळी हसू येत नाही. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षाची गोष्ट. राजूर घाटाच्या पायथ्याजवळ, नाल्यापलीकडे एक वाडी आहे. तिथल्या एका शेतकऱ्याला सापानं डसलं होतं. त्याचा भाऊ मला फाट्यावर घ्यायला आला. गाडी नाल्यापर्यंत जात होती. पुढे किती, विचारलं, तर म्हणाला, हे काय, आलंच, टेकाडाच्या मागं. मी गाडी नाल्याशी लावली, स्ट्रेचर खांद्यावर घेतलं आणि त्याच्या मागे निघालो. टेकाड गेलं, दुसरं आलं. ते गेलं, मग ज्वारीचं रान आलं. जायलाच पाऊण तास लागला. खरं अंतर कळलं असतं तर मी फोनवरच सांगितलं असतं, पेशंटला बैलगाडीत किंवा खाटेवर घालून नाल्यापर्यंत आणा, मी तिथं तयार राहतो म्हणून, आणि अर्धा वेळ वाचला असता. आम्ही नाल्याकडे परत निघालो आणि वाटेतच त्या शेतकऱ्याचा श्वास थांबला. भाऊ पायवाटेवर खाली बसला आणि मला म्हणाला, ‘दूर सांगतलं असतं तं तुमी आले नसते ना, भाऊ.’

मी आलो असतो. पण त्या दिवशी मला कळलं, की ‘आलंच’ नेहमी मायेनंच म्हणतात असं नाही, ते भीतीनंही म्हणतात. त्यानंतर मी माझ्या गाडीत हा शब्दच बंद केला. नातेवाइकांना दम द्यायचो, माझ्या गाडीत ‘आलंच’ म्हणायचं नाही, खरं तेवढं बोलायचं. मी स्वतःही खरंच सांगायचो.

त्याचीही शिक्षा मिळाली. देऊळगाव राजाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना जालन्याला नेत होतो. त्यांनी मागून विचारलं, किती राहिलं? मी माझ्या नियमाप्रमाणे मिनिटं सांगितली. ऐकून त्यांनी अशी हाय खाल्ली, की जालना येईपर्यंत कण्हणं थांबलं नाही. दवाखान्याच्या दारात त्यांच्या म्हातारीनं मला गाठलं. म्हणाली, ‘भाऊ, दोन शब्द खोटे बोलला असतास तर तुझं काय गेलं असतं?’ नियम मात्र मी सोडला नाही, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं.

हे सगळं डोक्यात घेऊनच मी एक दिवस तोच राजूर घाट चढत होतो. निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. कापसाचे दिवस, दुपारची वेळ. गाडीत सुनंदाबाई होत्या, हायस्कूलमधल्या वानखडे सरांच्या पत्नी. न्यूमोनिया. ऑक्सिजन लावलेला होता आणि बुलढाण्याला तातडीनं न्यायचं होतं. मागे त्यांच्याजवळ वंदना सिस्टर. सर आधी मागेच बसले होते, पण त्यांचा चेहरा बघून बाईंची धाप वाढायला लागली, तेव्हा सिस्टरनी त्यांना उठवून माझ्या शेजारी पुढे पाठवलं.

माणूस घाबरला की कोणी गप्प होतो, कोणी बडबडतो. सर बडबडणाऱ्यांपैकी. मोताळा मागे पडलं तसे म्हणाले, उद्या नववीला इंग्रजीत अंतराचे दोन शब्द शिकवायचे होते, फार्दर आणि फर्दर. मी म्हटलं, दोन कशाला लागतात? तर त्यांनी मला पूर्ण धडाच दिला. रस्त्यावर मोजता येतं ते लांबचं अंतर, त्याला फार्दर. आणि जे दगडावर मोजता येत नाही, पण अजून पुढे उरलंय असं वाटतं, त्याला फर्दर. पोरं दरवर्षी घोळ घालतात. खुद्द इंग्रज लोकही आता हा फरक फारसा पाळत नाहीत म्हणे.

‘मग पाळला तर काय मिळतं, सर?’ मी विचारलं.

‘एक मार्क,’ ते म्हणाले, आणि तोंडावर रुमाल धरून खिडकीबाहेर बघायला लागले.

घाटाच्या मधोमध गाड्यांची रांग लागलेली दिसली. मी उजव्या अंगानं, सायरन वाजवत, शक्य तितका पुढे घुसलो आणि एका वळणावर अडकलो. वर कापसाचा ट्रक आडवा झाला होता, रस्ता दोन्ही बाजूंनी बंद. मागेही तोवर गाड्या येऊन लागल्या. ना पुढे, ना मागे.

आता इथं जरा धंद्याचं सांगतो. आमच्या गाडीत ऑक्सिजनचं एक मोठं सिलिंडर असतं आणि एक लहान, हातात उचलून न्यायचं. मोठ्याचा काटा पाहून आम्ही निघतो. नेहमीच्या वेळेला पुरेल आणि वर निम्मा उरेल एवढा ऑक्सिजन त्या दिवशीही होता. पण हा हिशेब चालत्या गाडीचा. गाडी थांबते, काटा थांबत नाही. मी बुलढाण्याला फोन केला. तिथून दुसरी ॲम्ब्युलन्स निघाली आणि ट्रकच्या वरच्या अंगाला येऊन थांबणार असं ठरलं. म्हणजे मधलं अंतर आम्ही बाईंना स्ट्रेचरवर उचलून न्यायचं, लहान सिलिंडरवर. सिस्टरना विचारलं, लहान किती चालेल? त्या म्हणाल्या, यांना लागतो तेवढा दिला तर वीस मिनिटं, ओढूनताणून.

मग सगळ्यात अवघड प्रश्न उरला. मधलं अंतर किती?

गाड्यांतून उतरलेले लोक जमले होतेच. माणसं भली. कोणी पाणी आणलं, कोणी बाह्या सरसावल्या. मी विचारलं, जामचं वरचं टोक किती लांब आहे? एकानं हात वर केला. हे काय, आलंच, ह्या वळणाच्या मांगं. दुसरा म्हणाला, दोन मिनिटाचं काम आहे, उचला. सगळे म्हणाले, उचला. सर तर स्ट्रेचरच्या दांड्याला हात घालून उभे राहिले. मला समोर तो नाल्यापलीकडचा भाऊ दिसायला लागला, हात लांब केलेला.

तेवढ्यात वरून एक बाई उतरत आली. पन्नाशीची असेल. डोक्यावर सरपणाचा भला मोठा भारा, गाड्यांच्या मधून वाट काढत. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट मी शिकलो आहे. अंतर विचारायचं तर रिकाम्या हाताच्या माणसाला विचारू नये, डोक्यावर ओझं असलेल्या बाईला विचारावं. तिला ते मानेत कळलेलं असतं.

मी तिला थांबवलं. विचारलं, आक्का, ट्रकच्या पलीकडच्या गाड्यांपासून इथपर्यंत किती आहे?

तिनं मान न हलवता सांगितलं, ‘दोन विसावे झाले माहे.’

ओझं वाहणारे लोक अंतर असंच मोजतात. मान भरून आली की ठरलेल्या दगडापाशी भारा टेकवायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचा. तो एक विसावा. ती उताराला दोनदा थांबली होती. आम्हाला चढ होता, आणि अंगावर जिवंत माणूस. मी मनात हिशेब मांडला. अर्धा तास तरी. आणि लहान सिलिंडर वीस मिनिटं.

मी म्हटलं, उचलायचं नाही.

लोक माझ्यावर तुटून पडले. सर सगळ्यात जास्त. ते एरवी फार सभ्य गृहस्थ, पण माझी कॉलर त्यांच्या हातात आली होती. सगळे म्हणतात दोन मिनिटं आहे, तुम्ही एकटे शहाणे का, असं ते ओरडत होते. मी त्यांचा हात तसाच राहू दिला आणि फोन लावला. वरच्या गाडीच्या ड्रायव्हरला सांगितलं, तुझं लहान सिलिंडर कोणा मोटरसायकलवाल्याकडे देऊन खाली पाठव. जाममधून चारचाकी येत नाही, पण मोटरसायकल कशीही येते. सिलिंडर हातात पडेपर्यंत बाई मोठ्या सिलिंडरवरच राहतील.

पण वरची गाडी अजून पोचलीच नव्हती. तिला यायला वेळ लागला, आणि तो वेळ मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. सिस्टर दर थोड्या वेळानं काट्याकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. काटा लाल पट्ट्यात आला. त्या आक्काचं चुकलं असेल तर? खरंच दोन मिनिटांचं अंतर असेल आणि मी इथं एका जिवाला नुसता बसवून ठेवत असेन तर? एका सरपणवालीच्या शब्दावर मी हे सगळं तोलून धरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की ‘आलंच’ म्हणणारे बरोबर असावेत.

शेवटी मोटरसायकल आली. मागच्या सीटवरच्या माणसानं सिलिंडर मांडीवर धरलं होतं. आम्ही बाईंना लहान सिलिंडरवर घेतलं आणि स्ट्रेचर उचललं. चार जण दांड्याला, चार बदलीला. ती सरपणवाली अजून तिथंच होती. तिनं भारा रस्त्याच्या कडेला ठेवला, चुंबळ नीट केली आणि दुसरं सिलिंडर कोणाला न विचारता डोक्यावर घेतलं. तिचं नाव गयाबाई, हे मला चढताना कळलं.

सरांना वाटत होतं पळावं. गयाबाई पुढे, आणि ती पळू देईना. पहिलं वळण संपल्यावर एक सपाट दगड होता. तिथं ती थांबली आणि म्हणाली, टेकवा.

कोणी टेकवेना. माझ्या आधी लक्षात आलं नाही, मग कळलं. आमच्यात जनाजा वाटेत टेकवत नाहीत, खांदे बदलत नेतात. पण हिंदूंमध्ये तिरडी स्मशानात नेताना मध्ये एकदा खाली टेकवतात, आणि त्यालाही विसावाच म्हणतात. चार जणांनी उचललेलं माणूस वाटेत खाली ठेवायचं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. एक जण म्हणाला, नको, अपशकुन आहे. सरांचा चेहरा पांढरा पडला. आणि दांडा धरलेल्या माणसांचे हात थरथरत होते, स्ट्रेचर एका अंगाला कलत होतं.

गयाबाई मागे वळली. ‘लाकडाचाबी विसावा असते, पाण्याचाबी असते,’ ती म्हणाली. ‘मेलेल्याचाच काऊन म्हनता? टेकवा. हात सुटला तं काय कराल?’

आम्ही टेकवलं. माणसं बदलली. सिस्टरनी नाडी पाहिली. मी घड्याळ पाहिलं तर पंधरा मिनिटं झाली होती. वळणामागचं ते ‘आलंच’ कुठंच दिसत नव्हतं, समोर नुसता चढ होता आणि गाड्यांची रांग. दगडाच्या थोडं पुढे लहान सिलिंडर संपलं. गयाबाईच्या डोक्यावरचं उतरवून आम्ही ते लावलं. सर जवळ उभे राहून हे बघत होते. मग माझी कॉलर त्यांनी दोन्ही हातांनी सारखी केली.

आम्ही पुन्हा उचललं तेव्हा सुनंदाबाईंनी डोळे उघडले. तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. त्यांनी हात जरासा उचलला आणि बोटं हलवली. इतक्या वर्षांत तो प्रश्न मी सगळ्या तऱ्हांनी ऐकला होता, मला ओळखता आला. किती राहिलं?

दांडा माझ्या हातात होता. खरं उत्तर मला माहीत होतं. अजून एक विसावा, आणि त्यानंतरही चढ. ती जालन्याच्या दवाखान्याच्या दारातली म्हातारी आठवली, सापानं नेलेला माणूस आठवला. सर माझ्याकडे बघत होते.

गयाबाई स्ट्रेचरच्या कडेनं चालत होती. त्या वाटेचा दगडन्दगड तिला पाठ होता. मला दोन विसावे हे खरं अंतर तिनंच सांगितलं होतं. ती सुनंदाबाईंच्या तोंडाशी वाकली आणि त्यांच्या कपाळावरून हात फिरवला.

‘हे काय, बाई,’ ती म्हणाली, ‘आलंच.’

सुनंदाबाईंनी डोळे मिटले आणि त्यांची धाप थोडी खाली आली. मी ते पाहिलं. ड्रायव्हरला वेगळं अंतर सांगायचं असतं आणि पेशंटला वेगळं, हे गयाबाईला कोणी शिकवलं नव्हतं. मला ते कळायला अख्खी नोकरी लागली.

दुसरा विसावा घेऊन आम्ही वर पोचलो. बुलढाण्याच्या गाडीचं दार उघडंच होतं. सुनंदाबाई बारा दिवसांनी घरी आल्या, आज धडधाकट आहेत. सरांनी नववीला ते दोन शब्द नंतर शिकवले की नाही, मी विचारलं नाही.

मला मात्र माझी गाडी आणायला त्याच घाटानं पायी उतरायचं होतं. गयाबाई बरोबर होती. दोघंही दमलेलो. खाली तिचा भारा जसाच्या तसा पडून होता. तिला तो डोक्यावर चढवायला कोणीतरी लागतंच, ते काम मी केलं. उचलताना माझ्या कमरेतून कळ गेली तेव्हा कळलं, ही बाई काय घेऊन दोन विसावे चालून आली होती. जाम सुटायला अजून तास होता, नाहीतर मी तिला गाडीतून सोडलं असतं. उन्हं कलली होती. मी विचारलं, आक्का, गाव कोणतं तुमचं?

तिनं नाव सांगितलं. नाल्यापलीकडची तीच वाडी. ते अंतर मी एकदा स्ट्रेचर घेऊन पायांनी मोजलेलं आहे. घाट उतरायचा, मग फाटा, मग नाला, दोन टेकाडं आणि ज्वारीचं रान.

‘लांब आहे की हो,’ मी म्हणालो.

गयाबाईनं भारा मानेवर नीट बसवला आणि चालायला लागली.

‘लांब कायचं, भाऊ,’ ती मागे न बघता म्हणाली. ‘हे काय, आलंच.’